अर्ध्या मिनिटाची शांतता

आमच्या धंद्यात किस्से वायरींसारखे असतात. पिशवीत नीट गुंडाळून ठेवा, तरी एकमेकांत गुंततातच. एक ओढला की सोबत चार बाहेर येतात.

कोलकात्याहून साउंड रेकॉर्डिंग शिकून मी खामगावला परतले, तेव्हा एक भाषण पाठ करून आले होते. "चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण आवाज खराब असला की लगेच पुढचा व्हिडिओ लावतात! ज्या दुकानदाराचं बोलणं नीट ऐकू येत नाही, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?" वगैरे. मला वाटलं होतं, इथले व्यापारी विचारतील, आवाजाचं एवढं काय?

कुणीच विचारलं नाही. आवाज किती महत्त्वाचा असतो हे सगळ्यांना आधीच पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते माझ्या माइककडे साप निघाल्यासारखे बघत!

माझा भागीदार मंगेशदादा. त्याने आठ वर्षं लग्नं शूट केलेली. माझ्या भाषणावर विश्वास ठेवून त्याने ती कामं सोडली आणि आम्ही धंदेवाल्यांचे व्हिडिओ करायला स्टुडिओ काढला. ठरलं असं, की दिवाळीपर्यंत वर्षभराचं काम देणारा एक तरी ग्राहक मिळवायचा. नाही मिळाला तर दादा परत वरातींमागे आणि मी परत कोलकात्याला.

*

पहिलं काम पिंपळगाव राजा या गावचं. बियाणं-खतांचं दुकान. मालकांच्या कॉलरला मी छोटा वायरलेस माइक लावला.

"हे बंद कसं होते?" त्यांचा पहिला प्रश्न.

मी बटण दाखवलं. मधेच त्यांच्या भावाने त्यांना मागच्या खोलीत बोलावलं. मालक उठले, माइक काढला, रुमालात गुंडाळला, रुमाल स्टीलच्या डब्यात घातला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"काका, मी बंद केलाय तो."

त्यांनी माझ्या हेडफोनकडे बोट दाखवलं. "बंद हाय, तं तू कानाले काऊन लावून बसली?"

*

शूटिंग संपलं की मी प्रत्येक जागेची अर्ध्या मिनिटाची शांतता रेकॉर्ड करते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बोलण्याचे तुकडे जोडताना मधल्या फटीत ती भरावी लागते, नाहीतर कानाला ठेच लागते. साधी गोष्ट!

खामगावातल्या साडीच्या दुकानात मी म्हटलं, "आता अर्धा मिनिट कुणी बोलू नका, हलू नका." सहा सेल्समन घडी घातलेल्या साड्या छातीशी धरून पुतळ्यासारखे उभे राहिले.

मालकीणबाई शोभाताई गल्ल्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. अर्धा मिनिट झाला.

"काय भरलं त्याच्यात?"

"काही नाही. शांतता."

"बाप्पा! बोलणं भरलं ते समजलं. हे काहीच नाही ते काऊन भरून राह्यली?"

मी खोली, जोड, फट असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुसून टाक ते. आमची शांतता आमच्याजवळ राहू दे."

*

मोताळ्याच्या एका क्लासच्या सरांचा संशय उलट्या बाजूचा. त्यांचं रेकॉर्डिंग मी त्यांना चांगल्या स्पीकरवर ऐकवलं. सर उठूनच उभे राहिले.

"हा मी नाही! तू काहीतरी बदल केला. माझा आवाज भारदस्त हाय."

मी मूळ फाइल लावली. तरी पटेना. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारून घरातून बोलावलं. बाईंनी पदराला हात पुसत दोन वाक्यं ऐकली.

"तुमचाच हाय."

"असा किरकिरा?"

"वीस वर्सं मी हाच ऐकून राह्यली. तुमीच आज पयल्यांदा ऐकला!"

*

सोनाळ्याच्या बचत गटाचं काम मात्र मला फार आवडलं. वंदनाताई अध्यक्ष. त्यांना पापडाचा व्हिडिओ हवा होता आणि त्यात पापड मोडल्याचा आवाज. मी माइक अगदी जवळ नेला, वंदनाताईंनी भाजलेला पापड मोडला. हेडफोनमध्ये तो काय वाजला म्हणून सांगू!

त्यांच्या यजमानांनी व्हिडिओ पाहिला आणि मिशीत हसले. "हे कम्प्युटरचं काम हाय. पापड असा वाजतच नाही."

वंदनाताईंनी माझे हेडफोन काढून त्यांच्या कानावर बसवले, हातात पापड दिला आणि माइकपुढे खायला सांगितला. त्यांनी घास घेतला आणि दचकलेच! मग पापडाकडे संशयाने बघत म्हणाले, "मंग घरी काऊन वाजत नाही?"

"घरी तुमाले फुटके, सादळलेले भेटते," वंदनाताई म्हणाल्या. "अख्खे इकायले असते."

*

असं करत दिवाळी महिन्यावर आली. कौतुक पुष्कळ झालं, पण वर्षभराचं काम कुणी दिलं नाही. मंगेशदादाला लग्नांचे फोन पुन्हा येऊ लागले. तो ते बाहेर जाऊन घ्यायचा. मला कशाबद्दल आहेत ते न विचारताही कळायचं.

तेवढ्यात विनायककाकांनी बोलावलं. ते बाबांचे जुने मित्र. त्यांचं लाकडी घाण्याचं तेल अर्ध्या तालुक्यात जातं. म्हणाले, "दर महिन्याले एक व्हिडिओ कर. पूरं वर्ष. पयला आवडला का बाकीचे तुझेच."

दादाने माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी तो हसला होता.

शूटिंग झकास झालं. काका घाण्याशेजारी उभं राहून बोलले, "आमच्याकडं दुसरी मशीन नाही. जे तेल निंगते ते या लाकडातूनच." आवाज खणखणीत, एकही वाक्य पुन्हा घ्यावं लागलं नाही.

मग मी शांतता मागितली. घाणा बंद केला. मजूर थांबले. काका हात बांधून उभे राहिले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डोळे मिटून ऐकू लागले.

खोली शांत नव्हती. मागच्या भिंतीतून जाड, एकसारखी घरघर येत होती. ती नुसत्या कानाला ऐकू येत नव्हती, हेडफोनमध्ये मात्र स्पष्ट होती. काहीतरी मोठं, लोखंडी, वेगात फिरत होतं.

"काका, मागे काही चालू आहे का?"

"फ्रीज असन."

"फ्रीज नाही वाटत, काहीतरी मोठं आहे."

"थांब." काका मागच्या दारातून गेले. दार त्यांनी आपल्यामागे लावून घेतलं. थोड्या वेळाने घरघर हळूहळू मंदावली, अडखळली आणि थांबली. काका कपाळ पुसत आले. "आता घे तुझी शांतता."

मी घेतली. स्वच्छ होती. हेडफोन काढून मागे वळले, तर फ्रीज माझ्या पाठीशीच होता. त्याची वायर गुंडाळून वर ठेवली होती, आणि वायरीवर धूळ.

गाडीत मी दादाला शांततेची दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. त्याने पहिलं दोनदा ऐकलं.

"शेजारच्याचं काही असन."

"काका जाऊन आल्यावर शेजारच्याचं बंद झालं?"

नांदुऱ्याचा फाटा मागे गेल्यावर दादा म्हणाला, "माही आई तिथलंच तेल आणते. माह्या बापाचं हार्टचं ऑपरेशन झालं तवापासून."

मी हेडफोन पिशवीत ठेवले.

"तरी तू गाणं टाक त्याच्यावर," तो समोर बघत म्हणाला. "गाण्याखाली काई ऐकू येत नाही. मी आठ वर्सं हेच केलं."

सकाळी मी एडिटिंगला बसलेच नाही. सात वाजता काकांना फोन लावला.

"झाला का व्हिडिओ, पोरी?"

"नाही काका. मी नऊला येते. कॅमेरा आणत नाही, माइकही नाही. फक्त ते मागचं दार मले उघडून दाखवा. मग व्हिडिओचं बोलू."