गंगाराम मास्तरांचं रूथचं गाणं

रत्नागिरीच्या मिशन शाळेत गंगाराम मास्तर गणित शिकवत. वर्गात ते गुणगुणल्याचं कुणी ऐकलं नाही. गाणं घरी, पेटीपाशी. नगरला शिकायला होते तेव्हा चार आवाजांचं, प्रत्येकाचा सूर वेगळा ठेवून एकत्र म्हणायचं गायन त्यांच्या कानात बसलं. बायबलातली एखादी गोष्ट मराठीत, चार आवाजांत, आपल्या चर्चमध्ये गायली जावी, एवढी एकच हौस त्यांनी बाळगली.

एकतीस साली त्यांनी रूथची गोष्ट गाण्यात बांधली. विधवा सासू विधवा सुनेला म्हणते, माहेरी परत जा. सून ऐकत नाही, तिच्याबरोबर निघते. सुनेचा सूर वरचा, सासूचा खालचा, पुरुषांचे दोन त्याहून खाली. भातकापणीनंतर सुगीची उपासना असे, तीत ते गायचं ठरलं. पण चर्चमध्ये पेटीवर बसणाऱ्या मिशनच्या मिससाहेबांनी बजावलं होतं, "शनिवारच्या तालमीत आवाज वेगळे राहिले तर तुमचं गाणं. नाहीतर नेहमीचं."

घोडं अडलं ते सासूच्या सुरात. तो गाणाऱ्या बायकांत पुढे गोदाबाई, मिशनच्या दवाखान्यातल्या दाई. माहेर राजापूरकडचं. भात लावताना एकीने गाणं उचललं की बाकीच्यांनी त्याच सुरात ते धरायचं, ही लहानपणापासूनची सवय. सुनेचा सूर चढला की गोदाबाई चढत आणि त्यांच्यामागून सगळी रांग.

शुक्रवारी मास्तर वैतागले. "गोदाबाई, तुम्ही सासू आहात. सुनेच्या सुरात सूर मिळवणारी सासू कुठे पाहिलीत?"

बायका हसल्या. गोदाबाई हसल्या नाहीत. "मास्तर, ती माहेर टाकून माज्यासंगती येतेय. आन् मी आपली खालीच बसू?"

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि सून 'येते' म्हणते तिथून पुढचे खालचे तिन्ही सूर खोडून टाकले. त्या ओळींवर त्यांचा अख्खा पावसाळा गेला होता.

"इथवर खाली राहा. इथून पुढे सगळ्यांनी सुनेचा सूर."

"इथवर आमी ऱ्हातो की," गोदाबाई म्हणाल्या.

शनिवारी 'येते' येईपर्यंत त्या खालच्या सुरावरून हलल्या नाहीत. कधी निघायचं ते आता ठाऊक होतं.

मिससाहेबांनी कागद उलटून पाहिला. "आणि शेवटी चार आवाज नाहीत?"

"शेवटी त्या दोघी एका वाटेने जातात, मिससाहेब."

त्यांनी कागद पेटीवर नीट लावला. "उद्या गा."

रविवारी भाताच्या लोंब्या आणि नारळ मांडलेल्या टेबलापुढे ते गायलं गेलं. शेवटच्या ओळींना मागच्या बाकांवरचे लोकही गाऊ लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे मास्तरांनी आणखी गाणी केली. प्रत्येकात खालच्या आवाजाला वर यायला कुठेतरी वाट असे. अखेरपर्यंत चार आवाजांत राहणारं गाणं मात्र झालं नाही. त्यांची बायको सावित्रीबाई कधी विचारी, तर म्हणत, "गोदाबाई आहेत तोवर कशाला?"