खिरापतीचा डबा

फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, मावशीलाच भेटायला अकोल्याला निघालेली. मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं होतं. मावशीच्या शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या, "शोभाताई गेल्या, माय. आता घाई नको करू..."

शोभामावशी आईची धाकटी बहीण. एकटी राहायची, ब्लाउज शिवायची, कोणाचं ऐकून घ्यायची नाही. भुलाबाईच्या सणाची गाणी झाली की खिरापतीचा डबा वाजवून "ओळखा, आत काय हाये?" म्हणत पोरींना छळायची. आवाज फसावा म्हणून खाऊत मुद्दाम एक सुपारी टाकायची, लबाड!

नववीत मी अमरावतीच्या वसतिगृहात होते. गच्चीवर भुलाबाईचं गाणं म्हटलं, ते एका मुलीनं मोबाइलवर घेतलं, माझ्या आवाजाच्या जागी गाढवाचं ओरडणं घातलं आणि वर्गाच्या ग्रुपवर सोडलं. मग काय! जेवायला बसले की पाठीमागून तेच ओरडणं. रोज नवा व्हिडिओ. माझं जेवण सुटलं, बोलणंही. शाळाच सोडते म्हणून घरी आले, तर त्या वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्लेली, घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आईनं माझा फोन धान्याच्या कोठीत ठेवून कुलूप लावलं. "पाहशीन नाही, तं रडशीन नाही." व्हिडिओ तिकडे फिरतच होते. शिक्षा मात्र मला झाली, असंच वाटायचं.

मावशी आली, तिनं कोठी उघडायला लावली. फोन माझ्याच हातात दिला आणि शेजारी बसली. "दाखव मले सगळं. एकटी नको पाहू." चष्मा लावून तिनं एकेक घाण शब्द वाचला. मध्येच म्हणाली, "काय मेल्या पोरी हायेत!" आणि मला चक्क हसू फुटलं. फोनमधलं काहीच पुसू दिलं नाही तिनं. दुसऱ्या दिवशी तोच फोन घेऊन माझ्यासोबत मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन बसली. बाई म्हणाल्या, मुलींची मस्करी आहे. "मस्करीत दोघंही हासतात, बाई. हे पोरगी तं जेवून नाही राहिली." त्या मुलींच्या आयांना बोलावणं जाईपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. व्हिडिओ निघाले, मी शाळेत राहिले. मैत्रीण मात्र कोणी झाली नाही, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन. कशी आहेस, असं कधी विचारलं नाही. आधी डबा वाजवायची. "ओळख." मी चुकायचे, भांडायचे आणि भांडता भांडता दिवसभराचं सगळं सांगून टाकायचे. नोकरी लागली, तरी डबा वाजायचाच.

आता तो माझ्या खोलीत आहे. परवा संध्याकाळी फुटाणे भरले, एक सुपारी टाकली, कानाशी धरून वाजवला... छान वाजला. पण ओळखू काय? मीच भरला होता ना.