बाबांच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मी भुसावळहून जर्मनीला निघाले त्या दिवशी बॅगा रिक्षात चढल्या, तरी बाबा आपले गिटार लावत बसलेले. "अहो, गाडी चुकेल तिची," आई कळवळून सांगत होती. पण गाणं झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरठा ओलांडत नाही. गाणं जुनं, अमेरिकन, कंट्री म्हणतात तसलं. रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं बाबांना तरुणपणी शिकवलेलं. निघणाऱ्यासाठी ते म्हणायचं आणि शेवटचं कडवं राखून ठेवायचं. माणूस परत आला की दारातच ते पूर्ण करायचं. आत्या सासरी गेली तेव्हापासूनची ही रीत.

ड्रेस्डेनला आल्यावरही दर सुट्टीत दारात माझं कडवं झालं, आणि निघताना गाणं पुन्हा अर्धवट. मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. चिप फॅक्टरीतली नवी नोकरी, प्रोबेत्साइट म्हणजे प्रोबेशन चालू, सुट्टी कुठून मागणार? बाबांचा गाता आवाज गेला आणि माझं कडवं राहिलं. घोगऱ्या आवाजात का होईना, दिवाळीत मी ते त्यांच्याकडून म्हणवून घेणार होते.

पण बाबांच्या वाढदिवसाला दादानं व्हिडिओ कॉल लावला. जुन्या कॅसेटवरून कुठल्याशा अ‍ॅपनं बाबांचा आवाज बनवला होता, मागे व्हायोलिनं. बाबांच्या तरुणपणीच्या फोटोचे ओठ हलत होते आणि त्या ओठांतून माझं कडवं येत होतं. शी! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. सगळे नातेवाईक टाळ्या पिटत होते, वहिनी केक भरवत होती. माझी लेक इरा, मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी, तेवढी म्हणाली, "दास इस्ट निष्ट ओपा." हे आजोबा नाहीतच. त्या अख्ख्या गोतावळ्यात एवढं तिलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दादाला फोनवर फाडून खाल्लं. किळस आली मला तुझी, असंही म्हणाले, आणि ते मी परत घेणार नाही. तो शांतपणे म्हणाला की बाबा तर रोज लावायला सांगतात. आणि फोन त्यांच्याकडे दिला.

"झालं ना तुझं कडवं, बाळा," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता उगाच धावपळ करून येऊ नकोस. पोरीची शाळा बुडते."

घर म्हणजे काय, असं इथली माणसं एकमेकांना विचारत असतात. माझ्यासाठी बाबांकडे राहिलेलं ते एक कडवं म्हणजे घर होतं. ते दादाच्या अ‍ॅपनं उरकलं आणि बाबांनी मला मोकळं केलं. मला मोकळं व्हायचंच नव्हतं.