तळ्यातली हिरवी जाळी

मी शेवाळाचे फोटो काढते म्हटलं की लोक आधी माझ्याकडं बघायचे आणि मग माझ्या नवऱ्याकडं, बिचारा म्हणून. कोल्हापुरात लग्नाचे, कुस्तीचे, म्हशींच्या मिरवणुकीचे फोटो काढणारे ढिगानं होते; शेवाळाचे काढणारी बहुतेक मी एकटीच. नव्वदनंतरची गोष्ट. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.चा प्रबंध रखडला होता. गगनबावड्याला जाताना डबकं दिसलं तरी मी एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढायची आणि कंडक्टरची बोलणी खायची. पण करणार काय? हिरवं म्हणजे एकच हिरवं नसतं हो. एक दगडाला घट्ट धरून बसतं, एक केसांसारखं लांब सुटतं, एक नुसतंच साबणासारखं बुळबुळीत. प्रत्येकाला हात लावून बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मलकापूरच्या वाटेवरच्या एका गावातल्या तळ्यात मला जाळी सापडली. खरीखुरी जाळी. पाच-सहा कोनांची बारीक घरं, हिरव्या दोऱ्यानं विणल्यासारखी, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. हायड्रोडिक्टिऑन हे तिचं पुस्तकातलं नाव. एवढी भटकले, पण मला ती दुसरीकडं कुठं मिळाली नव्हती. पायरीवर पालथी पडून मी बघत होते, तेवढ्यात शेजारी कपडे धुणारी बाई म्हणाली, "ओ पावणं, कानातलं पडलं व्हय पाण्यात?"

मी तिच्या हातात भिंग दिलं. तिनं एक डोळा मिटला. "अगं बया! ह्यात नुसती घरंच घरं हायत की!" मी सांगितलं, ह्या दोऱ्याच्या प्रत्येक तुकड्यात एक अख्खी बारीक जाळी तयार होते, मग बाहेरचा तुकडा विरतो आणि ती सुटी होते. "म्हंजे आईच्या पोटात लेक विणूनच तयार?" ती म्हणाली. वर्गात मी हेच पाऊण तास शिकवायची.

त्या दिवशीचा रोल धुऊन आला आणि मी डोक्याला हात लावला. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आभाळ! पाण्यावर चकाकी, खाली काही दिसेल तर शपथ. माझ्या गाईडनी बजावलं, जाळी पाण्यात आहे तशी दिसली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण काढून टाका. ते काढलं तर प्रबंधात उरतं काय, कप्पाळ? मग एका स्टुडिओवाल्यानं युक्ती सांगितली: पाण्यावर काळी छत्री धरायची, आभाळाची चकाकी जाते.

इथवर ठीक होतं. पुढं मी शहाणपणा केला. पाहुण्यानं कळवून जावं ही आमच्या घरची शिस्त, म्हणून सरपंचांना कार्ड टाकलं: तळ्याचे फोटो काढायला रविवारी येत आहे.

रविवारी सरपंच स्टँडवरच उभे, धुतलेली टोपी घालून. "या बाई, या! दोन दिस सगळं गाव पाण्यात हुतं. आता काढा फोटो!" तळ्याचा तळ दिसत होता. एक हिरवा धागा शिल्लक नव्हता. काठावर शेवाळाचा ढीग उन्हानं वाळून पापड झाला होता.

मी तडकले. "कुणी सांगितला होता हा उद्योग?" असं चारचौघांत ओरडले. सरपंचांचा चेहरा उतरला. "फोटो काढायचा म्हंजे आमी आधी घर झाडतोय की, बाई," ते म्हणाले. "घाणीचा फोटो काढाय कोल्हापूरहून कोण येतंय?" त्यांच्या हातांवर ओरखडे होते. मला तिथंच रडू कोसळलं; रडतच प्रबंधाचं, परीक्षेचं सांगितलं. शेवटी कपडे धुणाऱ्या त्या बाईनंच सगळ्यांना सांगितलं, "ती घाण न्हवती. बाईंची परीक्षा हुती ती."

परत येताना शेवाळ गेल्यापेक्षा मी ओरडले त्याची लाज जास्त वाटत होती. प्रबंधाला वर्षभर मुदत मागून घेतली. चिखलात बीज राहिलं असेल का? जाळी पुन्हा धरेल का? वर्षभर डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पुढच्या थंडीत न कळवता गेले. जाळी होती! तळ्याचा अख्खा कोपरा भरून, पहिल्यापेक्षा दाट. पायऱ्याही हिरव्यागार झाल्या होत्या. आणि तीच बाई काठावर बसलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"आलासा? कवाधरनं वाट बघाय लागलोय."

"हाताला काय झालं?"

"घसरलो की पायरीवरनं. बायका म्हणाय लागल्या, आता तरी खरवडून टाकूया. म्हटलं, हात लावून बघा कुणी! बाईंची परीक्षा हुईस्तवर तळ्याला हात लावायचा न्हाय. सरपंचबी तसंच म्हणालं."

मी पिशवीतून काळी छत्री काढली. तिनं डाव्या हातानं छत्री धरली. चकाकी गेली आणि खालचं घर न् घर दिसायला लागलं. बारा फोटो काढले. "आलं का?" तिनं विचारलं. "आलं," मी म्हटलं.

कॅमेरा पिशवीत ठेवला, साडी खोचली, काठावरची एक खापरी उचलली आणि वरच्या पायरीपासून शेवाळ खरवडायला घेतलं.

"अवो, तुमी काय करतासा? पोरं करतील की!"

मी खाली मान घालून घासत राहिले. वर बघितलं असतं तर पुन्हा रडू फुटलं असतं.