उतारावरचे भावोजी

कुणाच्याही घरचं आमंत्रण आलं की आमचे भावोजी पहिला प्रश्न विचारायचे, "थंय उतार हा काय?" लग्न कुणाचं, मुलगा काय करतो, जेवायला काय, हे सगळं नंतर. हॉलसमोरचा रस्ता उताराचा असला तर भावोजी येणार, सपाट असला तर आहेर आमच्याबरोबर पाठवणार. गोराईला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता, तिथे ते आले नाहीत. खाडीच्या काठी उतार कुठून आणायचा? बहीण पुढे कित्येक वर्षं मला विचारायची, "काय गं, तुझ्या भावोजींना उतार मिळाला का?"

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हा त्यांनी एक जुना ट्रक घेतला आणि कांदिवलीच्या खाणीतून खडी वाहायला सुरुवात केली. त्या ट्रकच्या डॅशबोर्डवर आधीच्या मालकाने हौसेने व्होल्टचं मीटर बसवून घेतलं होतं. बॅटरीत किती जीव आहे ते सांगणारा एक बारीक काटा, खाली लाल पट्टा, वर हिरवा. ते मीटर नसतं तर भावोजींचं आयुष्य वेगळं गेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

झालं असं, की एकदा बोरिवलीच्या भर बाजारात इंजिन बंद केलं आणि बॅटरी उतरल्यामुळे ट्रक पुन्हा सुरूच होईना. पुढे टेम्पो, मागे बस, आणि मध्ये खडीने भरलेले आमचे भावोजी. लोकांनी शिव्या घातल्या, हवालदाराने घातल्या, शेवटी खडी उतरवून ट्रक ढकलावा लागला. भावोजी मानी माणूस. त्यांना ते फार लागलं. लगेच नवी बॅटरी घेतली. पण दसरा झाल्यावर बघतात तर नव्या बॅटरीचाही काटा लाल पट्ट्यातच. दिवे लावले की आणखी खाली. "हीसुद्धा तसलीच निघाली," म्हणाले, आणि त्या दिवसापासून स्टार्टरच्या बटणाला त्यांनी बोट लावलं नाही. ट्रक उतारावर उभा करायचा, सकाळी गिअर टाकून घरंगळू द्यायचा, क्लच सोडला की इंजिन धडधडायला लागतं. डिझेलच्या इंजिनाला बॅटरी सुरू होण्यापुरतीच लागते, एकदा सुरू झालं की ते आपलं आपण चालतं. तेव्हा दिवसभर बंदच करायचं नाही, हा भावोजींनी काढलेला मार्ग.

बंद करायचं नाही म्हणजे उतरायचं नाही, कारण चालू ट्रक सोडून जायचं कुठे? डबा केबिनमध्ये, चहा केबिनमध्ये, सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा खिडकीतून हात काढून घेतलेला. एप्रिल-मेमध्ये त्या केबिनमध्ये इंजिनाची धग अशी लागायची की बनियन पिळून काढावा. इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची इतकी सवय झाली होती, की घरी मीठ मागितलं तरी शेजारची बाई दारात येऊन विचारायची, काय झालं? आणि दर थोड्या वेळाने मीटरच्या काचेवर नखाने टिचकी. टिचकी मारायची, काट्याकडे बघायचं, मान हलवायची. कुठलीही गोष्ट ठरवायची असली की उत्तर एकच, "काटो वर येवंदे, मगे बघूया."

खोलीसुद्धा त्यांनी उतार बघून घेतली होती. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे ताईंना, खाली नळाजवळची खोली पसंत होती. भावोजींनी डोंगराच्या अंगावरची घेतली, कारण समोर ट्रक लावायला झकास उतार. ताई कळशी कमरेवर घेऊन चढताना मध्येच थांबायच्या आणि मला म्हणायच्या, "ह्येंका उतार दिसता, माका चढ दिसता." हसून म्हणायच्या. त्यांना रागावता येतच नव्हतं, आणि त्यांच्या वाटणीचा राग मला यायचा.

कांबळे नावाचा एक वायरमन खाणीच्या रस्त्यावर टपरी टाकून होता. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. भावोजी त्याच्यासमोर ट्रक उभा करायचे आणि वरूनच ओरडायचे, "बघ रे वायच, काटो कित्याक पडता!" कांबळे म्हणायचा, "काका, आधी गाडी बंद करा, मग बघतो." बंद केली आणि चालू झाली नाही तर? कांबळेच्या टपरीसमोर रस्ता सपाट. भावोजी गिअर टाकून निघून जायचे. तपासायला बंद करायला हवी, आणि तपासल्याशिवाय बंद करायची नाही. या चक्रात आमचं सगळं घर अडकलं होतं.

अशात ताईंच्या पोटात गाठ निघाली. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात दाखल केलं. मी दिवसा त्यांच्याजवळ बसायची, संध्याकाळी माझा नवरा यायचा. भावोजी रोज दुपारी खडी टाकून परतताना हॉस्पिटलच्या समोर यायचे. रस्ता पाटासारखा सपाट. ट्रक धडधडत उभा राहायचा, दोनदा हॉर्न वाजायचा, की ताई गजाला धरून खिडकीशी. खाली ट्रकच्या खिडकीत भावोजी, वर वॉर्डच्या खिडकीत ताई. भावोजी हात वर करून विचारायचे, जेवलीस काय? ताई मान हलवायच्या. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही बोलणं शक्य नव्हतं. मागची गाडी हॉर्न मारायला लागली की भावोजी निघायचे.

आता कुणी म्हणेल, ट्रक उतारावर लावून माणूस बसने येऊ शकतो. मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. पण त्यांचे वडील अशाच एका हॉस्पिटलात चालत गेले होते आणि परत आले नव्हते. तेव्हापासून भावोजींनी हॉस्पिटलची पायरी चढली नव्हती. काटा खाली होता हे खरं, पण भावोजी त्या काट्याच्या मागे लपले होते. ताईंना ते ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या सकाळपासून केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून बसल्या. मी म्हटलं, "ताई, आज काय?" तर म्हणाल्या, "काय नाय गो. कोण इलाच तर." डॉक्टरांनी गाठीबद्दल मला जे सांगितलं होतं ते त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण त्या ओळखून होत्या.

दुपारी हॉर्न वाजला. ताई खिडकीशी गेल्या आणि मी जिना उतरून सरळ ट्रकवर चढले. भावोजी बावरले. त्यांच्या ट्रकमध्ये बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. मी म्हटलं, "कांबळेकडे चला."

"आता? कित्याक?"

"चला म्हणते ना."

घाबरले असावेत, निघाले. कांबळेने नेहमीचं वाक्य म्हटलं, "काका, आधी गाडी बंद करा." भावोजींचा हात गिअरकडे गेला. रोज घरासमोर उतारावर ते एक कळ ओढून इंजिन बंद करायचे, ती मी पाहिलेली होती. मी हात घातला आणि ओढली.

इतकी शांतता झाली, की कांबळेच्या टपरीतला रेडिओ ऐकू आला.

"सुमन! काय केलंस ह्या गो! वाट लावलंस माजी!" भावोजींचा चेहरा पांढराफटक. धाकट्या भावाच्या बायकोवर ते असे कधी ओरडले नव्हते. मीही ओरडले, "लागू दे वाट! उद्या ताईंचं ऑपरेशन आहे, कळतंय का तुम्हाला?"

कांबळेने आमच्याकडे लक्षच दिलं नाही. आपलं मीटर आणून त्याने थेट बॅटरीला लावलं आणि म्हणाला, "काय यार काका, बॅटरी तर एकदम टकाटक आहे." मग डॅशबोर्डच्या मागे हात घालून त्याने एक सुटी वायर मीटरच्या पाठीला टेकवली, तिचं दुसरं टोक बॅटरीला. काटा लाल पट्ट्यातून उठला आणि हिरव्यात जाऊन उभा राहिला. भावोजी बघतच राहिले. टिचकी मारायलाही विसरले.

मीटरची एक वायर केबिनच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली असते, तिला अर्थची वायर म्हणतात. रंगातून वीज जात नाही, पत्रा उघडा असेल तरच तिचं काम होतं. कांबळेने तो स्क्रू काढला. खाली हिरवा रंग. चाकूने खरवडला, तर त्याखाली निळा. त्याखाली लाल.

"हे कुणी रंगवलं?"

"मी," भावोजी म्हणाले. "दसऱ्याक."

दर दसऱ्याला ट्रकची पूजा. पूजेआधी भावोजी स्वतःच्या हाताने केबिन आतून रंगवायचे. दुसऱ्या कुणाला ब्रश लावू द्यायचे नाहीत. एकही कोपरा सुटू नये म्हणून स्क्रू काढून, वायर बाजूला करून, तिच्या जागेवरसुद्धा दोन हात मारायचे आणि रंग सुकला की वायर पुन्हा कसून टाकायचे. नवी बॅटरी आली त्या दसऱ्याला तो रंग इतका जाड झाला, की काटा पडला तो पडलाच. बॅटरी बिचारी पहिल्या दिवसापासून धडधाकट होती.

कांबळे म्हणाला, "मारा आता बटण." भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. अंगठा टेकवला, काढला, परत टेकवला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मला वाटलं होतं, भावोजी हसतील. ते हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ती भीती होती. आता न जायला काही कारणच उरलं नव्हतं.

हॉस्पिटलसमोर आल्यावर त्यांनी हॉर्न वाजवला नाही. सपाट रस्त्यावर, कडेला ट्रक लावला आणि कळ ओढली. जिना चढताना कठड्याला धरून चढले, मध्ये एकदा थांबले. वॉर्डात आलो तर ताई पाठमोऱ्या, दोन्ही हातांनी गज धरून खाली रिकाम्या ट्रककडे बघून जीव खाऊन ओरडत होत्या, "अवो! बंद पडली काय? कोणाक तरी बोलवा! आता कोण ढकलतलो?"

"मी हय असंय," भावोजी मागून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले.

ताई वळल्या. पदर सारखा केला. भावोजींना कुठे बघावं कळेना, शेजारच्या खाटेची सलाईनची बाटली दिसली, तर तिच्यावर त्यांनी टिचकी मारली. मग ताईंनी विचारलं,

"गाडी बंद केलात?"

"केलंय."

"परत चालू होतली?"

"होतली."

"मगे वायच बसा," ताई म्हणाल्या, आणि खाटेवर सरकून त्यांनी जागा करून दिली.

ऑपरेशन झालं, ताई घरी आल्या, पण गाठ पसरलेली होती. पुढचा दसरा काही त्यांनी पाहिला नाही. त्या दसऱ्याला भावोजींनी ट्रक धुतला, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. रंगाचा डबा आणलाच नाही. नंतर त्यांनी ट्रक विकला आणि गावी जायचं ठरवलं.

नव्या मालकाच्या हवाली करायच्या आदल्या दिवशी ते ट्रक घेऊन आमच्याकडे आले. आमच्या घरासमोर उतार नाही, म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मी खिडकीतून पाहिलं. इंजिन बंद झालं, भावोजी उतरले, दार लावून घेतलं आणि मागे वळून न बघता आत आले. मी चहा टाकला. घाईत आहात का, म्हणून विचारलं.

"नाय गो," ते म्हणाले. "वायच बसतंय."

त्यांनी आमची खोली नीट पाहिली, मुलं कितवीत गेली ते विचारलं, ताईंच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. चहा निवून गेला तरी ते बसलेच होते, आणि मी काही त्यांना उठवलं नाही.