सहा नंबर आणि सात नंबरच्या मधली जागा

सांगलीहून निघाले तेव्हा मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. माझा थोरला भाऊ शहाद्याकडे ओव्हरसियर होता. त्या पावसाळ्यात तापीच्या पुरात काठावरच्या एका गावाची खालची आळी वाहून गेली होती. तिथल्या लोकांसाठी एका मदत समितीने लहान घरे बांधायला घेतली होती आणि ते काम दादाकडे होते. “एकदा येऊन बघ,” असे त्याने पत्रात दोनदा लिहिले, म्हणून गेले.

नंदुरबारला आगगाडीतून उतरून एस. टी. धरली, पुढे नावेतून नदी ओलांडली. नावेतून उतरताना हमालाचा पाय घसरला आणि माझी वळकटी पाण्यात गेली. तो बिचारा इतका ओशाळला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. पलीकडे दादा बैलगाडी घेऊन उभा होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि वेचणीला आलेला कापूस. वाटभर ओल्या गादीचा वास घेत आम्ही गावात पोचलो.

घरे बारा होती, एका ओळीत, उंचवट्यावर. प्रत्येक घर दहा फूट रुंद, बारा फूट लांब. कुडाच्या भिंती, वर माती-शेणाचा गिलावा, छपरावर कौले. मी सहा नंबरच्या घरात शिरले तर चार पावलांत पलीकडच्या भिंतीपाशी पोचले. तिथे सखूबाई, तिचा नवरा, सासू आणि तीन मुली राहायला आल्या होत्या.

“एवढंसंच का बांधलंस रे?” मी दादाला विचारले.

“मोठी बांधली असती तर सहाच झाली असती. मग उरलेल्या सहा कुटुंबांना काय सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली वाळत घातलेली गादी बघायला गेले, तर एक म्हातारी ती उलटून घालत होती. “एक बाजू वाळली,” एवढेच म्हणाली. तिचे नाव भुरीबाई. सातपुड्यातली भिल्लीण, कामासाठी खाली उतरली ती नवरा वारल्यावर इथेच राहिली. टोपल्या विणायची. निंबाला बांबूची चटई टेकवून तिने आडोसा केला होता. आत तिची लेक वेस्ती बसली होती. जावई ऊसतोडीला गेला होता आणि वेस्तीचे दिवस भरत आले होते.

“तुम्हाला घर नाही मिळालं?” मी विचारले.

भुरीबाई हसली. “ज्यानं घर पडनं, त्याले घर. मन्हं घर नव्हतंच, ते पडी काय?” (माझं घर नव्हतंच, तर पडणार काय?)

मी तशीच दादाकडे गेले. तो चिडला. “यादी मी केलेली नाही, कमल. आणि तेरावं घर बांधू कुठे?”

दुपारी जेवायला नथ्थूभाई गुजरांकडे होतो. घरांची जमीन त्यांनी दिली होती. दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी धीर करून आणखी थोडी जागा मागितली. त्यांनी हात धुतले, मग सरळ सांगितले, “बेन, ओळीच्या पुढे माझा पाण्याचा पाट आहे. तो सरकवला तर केळी जाईल. खोटं कशाला सांगू?” मला राग आला, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

वाट सखूबाईने काढली. संध्याकाळी ती दादाला आपल्या घराच्या बाजूला घेऊन गेली. सहा आणि सात नंबरच्या मध्ये सात फुटांची बोळ होती.

“भाऊसाहेब, आठे जागा शे ना. दोन भिती तयार शेतस.” (इथे जागा आहे. दोन भिंती तयार आहेत.)

“ती बोळ मी मुद्दाम सोडली आहे,” दादा म्हणाला. “वरचं पाणी तिथूनच उतरतं. आणि आग लागली तर अर्धी ओळ तरी वाचेल.”

“चूल बाहेर मांडू. पन पोर उघडावर बाळंतीन व्हई का?”

सखूबाई जागची हलली नाही. सात नंबरचा म्हातारा येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. “मन्ही भित वापरा,” म्हणाला. दादा खाली बसला, काडीने मातीत रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. शेवटी म्हणाला, “खालून दगडी गटार काढावं लागेल. आणि छपराला गवत चालणार नाही, कौलंच हवीत.”

गटाराचे दगड नथ्थूभाईंच्या गाडीतून आले. न बोलावता स्वतः हाकत आणले त्यांनी. प्रत्येक घराने फुटतुटीसाठी राखून ठेवलेली थोडी थोडी कौले काढून दिली. भुरीबाईने पुढचा-मागचा कूड स्वतः विणला, टोपलीसारखा घट्ट. मी आणि सखूबाईच्या मुलींनी माती तुडवली. चौथ्या दिवशी सुताराने जुन्या फळ्यांचे दार बसवले.

वेस्ती आत गेली, दार लावून घेतले आणि आईला म्हणाली, “आता बाहेरून हाक मार.” भुरीबाईने हाक मारली. वेस्तीने दार उघडले. दोघी इतक्या हसल्या की मला तोंड फिरवावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. महिन्याभराने दादाचे पत्र आले. वेस्तीला मुलगी झाली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी घरे मोजली आणि तेरावे कुठून आले, असे विचारले. दादाने गटार दाखवले, मग दार ठोठावले. आतून बाळाचे रडणे ऐकू आले. साहेबांनी नकाशा मागून घेतला आणि बोळीच्या जागी स्वतःच्या हाताने ‘घर’ असे लिहिले.

शाळेत मैत्रिणी विचारतात, सात फुटांत माणसे राहतात तरी कशी? अडचणीतच राहतात. सखूबाईच्या दहा फुटी घरातही रात्री कूस बदलायची तर सगळ्यांना बदलावी लागते, हे मी पाहिले आहे. ते पुरेसे आहे असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्या ओळीतल्या लोकांना स्वतःला पुरेसे नव्हते, तरी त्यांनी भिंती दिल्या. माझ्या घरात तीन खोल्या आहेत, आणि त्यांची दारे बाहेरून कुणी शेवटचे कधी ठोठावले, ते मला आठवत नाही.