बाठेबायचा मिठागऱ्या

बाठेबाय हळू आवाजात बोललेली आमच्या सोसायटीत कुणी ऐकली नव्हती. लिफ्ट बंद पडली की ती ओरडायची, आणि सुरू झाली की इतके दिवस काय झोपला होतात म्हणून पुन्हा ओरडायची. ती स्वतः तळमजल्यावर राहायची. लिफ्टशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

माझी तिच्याशी ओळखही भांडणानेच झाली. आम्ही साताऱ्याहून घणसोलीत नवे आलो होतो. मे महिना होता. आदल्या दिवशी घरी आमरस झाला होता आणि ऑफिसला निघताना मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवत होते. तेवढ्यात साठीची एक ठेंगणी बाई आली, पिशवीची गाठ सोडली आणि सरळ आत हात घातला.

"अहो, काय करताय हे?"

"जीव हाय त्याच्यान. कचऱ्यान टाकतस?"

तिने एकेक करून सगळ्या कोयी वेचल्या, लुगड्याच्या ओच्यात घेतल्या आणि पिशवी तशीच उघडी टाकून निघून गेली. माझा संताप संताप झाला. संध्याकाळी शेजारणीला सांगितलं तर ती हसायला लागली. "ती बाठेबाय. आगरी लोक कोयीला बाठा म्हणतात ना! मे महिन्यात तिच्यापुढे कचरा न्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा."

नंतर कधीतरी मी तिच्या गॅलरीत डोकावले. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, दुधाच्या पिशव्या, सगळ्यांत माती आणि मातीत आंबे. ती कोयी घासून धुवायची, दोन दिवस सावलीत वाळवायची, मग जुन्या कोयत्याच्या टोकाने कडेने अलगद उचकटून आतली बी काढायची. बी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि मोड आला की मातीत आडवी निजवायची. नवी पानं तांब्याच्या रंगाची यायची. कुणी पानाला बोट लावलं तर हातावर चापट बसायची, मग तो मुलगा असो की निवृत्त इंजिनिअर. रोपं हातभर झाली की ती मागेल त्याला देऊन टाकायची. मात्र पुढल्या वर्षी घरी जाऊन बघून यायची, आणि रोप वाळलेलं दिसलं तर त्या माणसाशी जन्मभर बोलायची नाही. दिघ्याला एका नातेवाइकाशी तिने याच कारणावरून बोलणं टाकलं होतं.

आमचे सेक्रेटरी सगळ्यांना शहाणं करायला निघालेले. एकदा गेटपाशी त्यांनी तिला समजावलं, "बाय, कोयीच्या झाडाला आठ-दहा वर्षं फळ नाही. आणि आलं तरी मूळ आंब्यासारखं येईल याची गॅरंटी नाही. नर्सरीतून कलम आणा."

बायने कमरेवर हात ठेवले. "कलम म्हंजे पाय एकाचं न डोसका दुसऱ्याचा. मना नको. न गॅरंटीचा काय सांगतस? तुजी पोरा तुज्यासारखी झाली का? मंग झाडाकडशी कशाला मागतस?"

सेक्रेटरींचा मुलगा तेव्हा तिसऱ्यांदा नोकरी सोडून घरी बसला होता. वॉचमन तोंड फिरवून हसला. त्या दिवसापासून सेक्रेटरींनी तिच्याशी वैर धरलं असं मला वाटतं, पण ते त्यांनी गोड बोलून धरलं.

इमारतीच्या मागे कंपाउंडलगत एक आंबा होता. दोन मजल्यांइतका उंच, सरळ. तो बायने लावलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो कसला आहे हे तिने मला एका रविवारी दुपारी सांगितलं. रोपं बघून बघून मी तिच्या बरीच जवळ गेले होते. तोवर ती माझ्यावर ओरडली की मला बरं वाटायला लागलं होतं.

तिच्या बापाच्या शेताच्या बांधावर, खाडीकडच्या अंगाला एक जुनं झाड होतं. पलीकडे मिठागरं, म्हणून त्याला मिठागऱ्या म्हणायचे. गोड आंबा, पण देठाशी किंचित खारट चव. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, बांध गेला, झाड गेलं. तोडण्याआधीच्या हंगामातल्या कोयी आईने गावठाणातल्या अंगणात पुरल्या आणि त्यातली एक जगली. पुढे भावांनी भाड्याच्या खोल्या काढायला चार मजले चढवले तेव्हा ते झाडही गेलं. बाय भावांशी भांडली, वाटणीचे पैसे घेऊन या सोसायटीत आली, आणि येताना त्या झाडाच्या शेवटच्या सात कोयी घेऊन आली. सहा रोपं कंपाउंडच्या बांधकामाच्या रेतीखाली मेली. हे सातवं.

"माजा बापूस गेला, आय गेली. यो तेवरा ऱ्हायला," ती म्हणाली. आणि लगेच माझ्यावर खेकसली, "रडतस काय? पानी घाल त्याला."

यंदा त्याला पहिल्यांदा मोहर आला. बाय रोज सकाळी खाली खुर्ची टाकून बसायची आणि मोहराकडे बघणाऱ्या प्रत्येकाला दटावायची. फेब्रुवारीच्या शेवटी सुपारीएवढ्या कैऱ्या दिसायला लागल्या. तिने त्या मोजल्या नाहीत आणि कुणाला मोजू दिल्या नाहीत. नजर लागते म्हणे.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी माझ्या दारात कागद घेऊन आले. माझा ऑफिसचा कॉल चालू होता, कानात हेडफोन होता. "मॅडम, पाहुण्यांच्या पार्किंगचं आहे, फक्त नो ऑब्जेक्शन." मी दाराला कागद टेकवून सही केली. वर दोन सह्या होत्या, माझी तिसरी. त्या कागदात काय लिहिलं आहे ते मी वाचलं नाही. हे वाक्य लिहितानाही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शिमगा झाल्यावर बाय भाचीच्या हळदीला दोन दिवस गेली. सेक्रेटरींनी नेमके तेच दोन दिवस निवडले. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा मागची भिंत उघडी पडली होती, आणि करवतीचा भुसा सगळीकडे उडाला होता. फांद्या टेम्पोत भरल्या होत्या. दाराला एक पिशवी अडकवलेली होती. कुणीतरी प्रेमाने वाटा पाठवला होता, कैऱ्यांचा. घरोघरी पाठवला होता. खालच्या मजल्यावरून तिखट-मीठ मागायलाही कुणी आलं.

मी सुन्नपणे एक कैरी विळीवर धरली. ती लोण्यासारखी चिरली गेली. मध्ये अडलीच नाही. आतली कोय पांढरी, मऊ, साय धरल्यासारखी. मला तेव्हा कुठे कळलं की पार्किंगच्या त्या कागदावर सही करून आपण काय केलं आहे. अजून दीड-दोन महिने थांबलो असतो तरी तिच्या ओच्यात रुजतील अशा कोयी पडल्या असत्या.

बाय दुसऱ्या दिवशी दुपारी आली. हाताला हळद तशीच होती. मी खिडकीतून बघत होते, खाली जायचं धैर्य नव्हतं. सगळी सोसायटी खिडकीत उभी होती आणि आता ती काय काय बोलेल याची वाट बघत होती. ती बुंध्यापाशी गेली. भुशात पडलेली एक कैरी उचलून तिने दातांनी फोडली आणि आत बघितलं.

"बाठा नाय धरला," ती म्हणाली. इतक्या हळू की मला ते ओठांवरून कळलं.

आणि ती घरात गेली. ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी मुलगी येऊन तिला खांदेश्वरला घेऊन गेली. गॅलरीतले डबे तिने तसेच सोडले.

मग मी ओरडले. झाड तोडायच्या परवानगीची चौकशी करायला महापालिकेच्या कार्यालयात खेपा घातल्या. तिथे मला अर्ज दाखवला. 'झाड धोकादायक असून रहिवाशांची हरकत नाही.' खाली सह्या. सोसायटीच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "ते झाड कुणाच्या अंगावर पडणार होतं ते सांगा. नाव सांगा."

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. तुमचीच सही आहे."

"आहे. फसवून घेतलीत."

"फसवून? तुम्ही शिकलेल्या आहात ना?"

लोक हसले. मी त्यांना काय काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही, पण माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असं वॉचमन सांगतो. पार्किंगच्या पट्ट्या तरीही आखल्या गेल्या. आता तिथे सेक्रेटरींच्या मुलाची गाडी उभी असते.

गेल्या महिन्यात मी खांदेश्वरला गेले. बाय मुलीच्या घरी पलंगावर बसून शेंगा सोलत होती. वाळली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. कॉल, हेडफोन, कागद, तिसरी सही. तिला सह्यांचं माहीतच नव्हतं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, आता ही चापट मारेल. ती मारावी असं मला फार वाटत होतं.

"बाय, मला माफ करा."

तिने शेंगांची परात बाजूला सारली आणि माझ्याकडे बघितलं.

"मना वाचाला येत नाय," ती म्हणाली. "माजा बापूस पन अंगठाच द्याचा. त्यानी अंगठा दिला न शेत गेला. पन तुना तं वाचाला येतं ना?"

"हो."

"मंग?"

ती उत्तराची वाट बघत होती, अगदी खरोखर, जणू मी काहीतरी सांगेन आणि तिला ते समजेल. शेवटी तिने परात पुन्हा पुढे ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या.